सांगली बंदरात घेतलेला पायलट

माझं गाव म्हसवडच्या अलीकडं, माण तालुक्यात. आमच्याकडं टँकर आला की मास्तर शाळा सोडायचे, कारण पोरं बसायचीच नाहीत. अशा गावातला माणूस मालवाहू जहाजावर कप्तान कसा झाला, हे मला जन्मभर विचारलं गेलं. त्याचं धड उत्तर मला अजून देता येत नाही. आमच्या आईला मात्र यायचं. ती म्हणायची, "हितं पाणी नव्हतं, म्हणून गेला हुडकायला."

निवृत्त झाल्यावर सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला घर बांधलं. सकाळी फिरायला गेलं की कट्ट्यावरची मंडळी मला धरून बसवतात. जहाजाला ब्रेक असतो का, समुद्रात मध्येच डिझेल संपलं तर काय करता, असले प्रश्न. पण सगळ्यांचा आवडता प्रश्न एकच. "कप्तानसाहेब, तिकडं रस्ता न्हाई, पाटी न्हाई, इचारायला माणूस न्हाई. मग वाट कशी घावती वं?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर माझ्या लेकरांची शिक्षणं झाली, तेव्हा ते जरा नीट सांगतो.

जुन्या खलाशांकडं काय होतं? दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याची उंची मोजायची, म्हणजे आपण उत्तर-दक्षिण कुठं आहोत ते कळायचं. पूर्व-पश्चिम कळायला चोख घड्याळ लागतं, आणि डुलत्या जहाजावर चालेल असं घड्याळ बनेपर्यंत कितीतरी पिढ्या गेल्या. तोवर सगळा कारभार अंदाजपंचे. वेग मोजायचा तर फळकुट दोरीला बांधून मागं सोडायचं, वाळूचं घड्याळ रिकामं होईस्तोवर दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं. आजही जहाजाचा वेग आम्ही गाठींतच सांगतो. आणि पाण्याची खोली बघायला दोरीला बांधलेलं शिशाचं वजन. त्याच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची. वजन तळाला टेकलं की तिथली वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा चरबीला चिकटून वर यायचा. जाणता खलाशी तो बोटावर घेऊन हुंगायचा, वेळेला चाखायचा, आणि आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत ते सांगायचा.

एवढं करूनही माणसं चुकायची. भारत शोधायला निघालेला एक गृहस्थ भलत्याच खंडाला जाऊन लागला आणि मरेपर्यंत मी बरोबरच पोचलोय म्हणत राहिला. हा स्वभाव मला फार ओळखीचा वाटतो. आमच्या भावकीत असे बरेच आहेत.

आता पडद्यावर नकाशा असतो, त्यावर आपलं जहाज टिकलीएवढं दिसतं, आणि वरचे उपग्रह चार-दोन हातांच्या फरकानं जागा सांगतात. माझं निम्मं आयुष्य तरण्या अधिकाऱ्यांना "पडदा सोडा, खिडकीतनं बाहेर बघा" हे सांगण्यात गेलं. एकदा आखातात कुणीतरी उपग्रहाचे संदेश बिघडवत होतं. आमचं जहाज समुद्रात, आणि पडद्यावर बघतो तर आम्ही विमानतळाच्या धावपट्टीवर उभे. ज्याची पाळी होती तो अधिकारी घामाघूम. मी त्याला खिडकी दाखवली आणि विमान दिसतंय का ते विचारलं. मग किनाऱ्यावरचा दीपस्तंभ बघून, रडार लावून आम्ही पुढं निघालो.

हे सगळं पाठ असलेला माणूस आपल्याच सांगलीत वाट चुकला. ती हकीकत सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

त्यासाठी आधी आमचे व्याही सांगायला हवेत. दिनकरराव. माझ्या मुलीचे सासरे, हळदीचे अडते, सांगलीत नदीकडच्या पेठेत जन्मले आणि तिथंच राहिले. माणूस चोख, पण मानपानाला भलताच हळवा. लग्न आमच्या गावी होतं. वाट मी फोनवर नीट सांगितली होती, ओढा ओलांडा, लिंबाखालनं डावीकडं वळा. त्यांच्या पुतण्यानं मोबाइलमधला नकाशा लावला आणि सगळं वऱ्हाड माळावरच्या कोंबड्यांच्या शेडवर नेऊन उभं केलं. मुहूर्त टळला. मांडवात पाय ठेवल्या ठेवल्या दिनकरराव चारचौघांत बोलले, "जगभर जहाजं फिरीवतो म्हनं, आन सोताच्या घराचा पत्ता सांगता येत न्हाई." मी गप बसायला हवं होतं. मी म्हणालो, पत्ता मी माणसांना सांगितला होता, मोबाइलला नाही. झालं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. निरोप असला तर विहीणबाई माझ्या बायकोला, सुमनला सांगणार, सुमन मला सांगणार.

मग मागचा महापूर आला. विहीणबाई मुलाकडं पुण्याला गेलेल्या. दिनकरराव घर राखायला एकटेच मागं राहिले. पेठेतल्या जुन्या माणसांचा एक हिशेब असतो, मागच्या पुराला पाणी अमुक पायरीला लागलं होतं, त्याच्यावर येत नाही. नदीला तो हिशेब कुणी कळवलेला नसतो. पाणी खालचा मजला घेऊन जिन्याला लागलं. दिनकररावांना मधुमेह, दोन वेळचं इन्सुलिन. घरातलं संपलेलं, वीज गेलेली, फोन बंद पडायच्या आधी त्यांनी सुनेला एवढंच कळवलेलं, की औषध संपलंय पण काळजी करू नको. सून म्हणजे माझी मुलगी. ती फोनवर रडत होती. धरणातनं आणखी पाणी सुटणार अशी बातमी होती, म्हणजे संध्याकाळच्या आत त्यांना बाहेर काढायला हवं होतं.

सुमननं औषधाच्या दुकानातनं इन्सुलिन आणलं, थर्मासात बर्फ घालून त्यात ठेवलं, डब्यात चपाती-भाजी भरली आणि म्हणाली, "भांडण तुमचं हाय. सोयरीक माझीबी हाय. जावा."

आमच्या भागातल्या गणेश मंडळानं आधीच्या पुरानंतर एक रबरी बोट घेऊन ठेवलेली. ती चालवायचे सरजेराव, सैन्यातनं निवृत्त झालेले सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. मी मदतीला येतो म्हटल्यावर त्यांनी मला खालीवर बघितलं. "साहेब, ही हवा भरल्याली हाय. तुमच्या बोटीवर आक्खं आष्टा गाव बसल. हिच्यात चौघं बसली की कुणी शिंकायचं न्हाई." तरी घेतलं मला. मी किराणा दुकानातनं कडीचं लोखंडी वजन मागून आणलं. त्याला बुडाला खळगा असतोच. त्यात इंजिनाचं ग्रीस भरलं, कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि दोरीला हाताहाताच्या अंतरानं सुमनच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या. सरजेराव गालात हसत होते. त्यांचा भरवसा मोबाइलवर; माझा मी भिजेल म्हणून घरीच ठेवलेला.

निघालो. मोबाइलमधली बाई सुरुवातीला छान बोलत होती. दोनशे मीटरवर डावीकडं वळा वगैरे. खाली छातीभर पाणी आहे याची तिला गंधवार्ता नव्हती. एके ठिकाणी सरजेराव बोट वळवून लांबनं निघाले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, तिकडं एकेरी वाहतूक आहे. सैन्यातली शिस्त. पुरातसुद्धा उलट्या दिशेनं घुसायचं नाही.

पुढं पेठेच्या तोंडाला गेलो आणि नेटवर्क गेलं. पडद्यावरचा नकाशा पुसला गेला, उरला पांढऱ्याफटक जागेवर एक निळा ठिपका. म्हणजे आपण नक्की कुठं आहोत हे उपग्रहाला पक्कं माहीत, आपल्यालाही दिसतंय, फक्त त्याच्या आजूबाजूला जग नाही. सरजेराव तो ठिपका बोटानं मोठा करून बघत राहिले. तेवढ्यात इंजिनाचा पंखा कशाला तरी खटकन लागला, बोट हिंदकळली, आणि मोबाइल पाण्यात. निळा ठिपका खालनं थोडा वेळ उजळत गेला.

आता माझी वेळ आली असं मला वाटलं. खरं सांगतो, मनातनं मी खूश झालो. वजन सोडलं. चिंध्या मोजल्या, वर घेतलं, ग्रीस बघितलं. डांबराची खडी. म्हणजे खाली रस्ता. पुढं टाकलं, काळी माती. म्हणजे कुणाचंतरी परसदार, इथनं मागं. असं करत चाललो. सरजेरावांचं हसणं थांबलं, ते "पुढं घेऊ का साहेब?" असं विचारायला लागले. मग एके ठिकाणी वजन एकदम कमी पाण्यावर टेकलं आणि वर आलं ते पिवळंधमक. हुंगलं. हळद. मी छाती काढून जाहीर केलं, की आपण मार्केट यार्डाच्या अंगाला आलोय, हे गोदाम आहे, नदी उजवीकडं, तेव्हा इकडं वळा. माझ्या बोलण्यात इतका रुबाब होता की सरजेरावांनी निमूट वळवली.

वळलो ते एका शाळेच्या मैदानात. मैदानाच्या भिंती पाण्याखाली, फाटक कुठं ते दिसेना, आणि आम्ही आत गोल गोल फिरत बसलो. गच्चीवरनं एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी तिनं विचारलं, की पाव्हणं, तुमी जेवण वाटायला आलायसा का नुसतंच फिरताय? तिला दिनकररावांचं घर विचारलं. तिनं हातानं दाखवलं. बरोबर उलटी दिशा. तुळशीच्या कट्ट्यावर आपटत, विजेच्या तारांखालनं माना खाली घालत कसेबसे पोचलो. सगळ्या पदव्या-परीक्षा पास झालेला मी, आणि एका म्हातारीच्या बोटानं पोचलो.

दिनकरराव माडीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. ओठ वाळलेले, डोळे खोल गेलेले. मला बघून त्यांनी मान फिरवली.

सुमनचं नाव सांगितल्यावर थर्मास घेतला. आपल्या विहीणबाईंनी, म्हणजे सुमननं, पाठवलंय म्हणून घेतो, असं सरजेरावांना सांगितलं, मला नाही. इन्सुलिन टोचून घेतलं. मी डबा पुढं केला, आणि बोटीत बसायचं म्हटलं. तिथं बिनसलं.

"मी काय बुडतोय व्हय?" ते म्हणाले. "सुटका करून घ्यायला मी छपरावरचं मांजर हाय? जावा तुमी."

सरजेरावांनी हात जोडले. मुलगी रडतेय हे मी सांगितलं. धरणाचं सांगितलं. पाणी जिन्याची आणखी एक पायरी गिळून वर आलं होतं, तेही दाखवलं. पण त्यांचं एकच. उद्या पेठेत लोक म्हणणार, व्याह्यानं दिनकररावाला उचलून नेला. बोलता बोलता त्यांनी डबा तसाच बाजूला सारला. मला भीती वाटायला लागली. रागही येत होता, पण भीती जास्त. हा माणूस इथं मेला तर माझ्या पोरीला मी काय तोंड दाखवणार होतो?

आणि माघारी जायची वाटही मला माहीत नव्हती. आलो ती वाट आता पाण्याच्या ओढीनं भरली होती. मोबाइल तळाला, माझी हळद खोटी ठरलेली. गॅलरीच्या कठड्याला हात धरून उभा असताना मला आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी गोष्ट आठवली. जहाज कितीही मोठं असो, उपग्रह कितीही असोत, परक्या बंदरात शिरताना आणि निघताना कप्तान तिथला पायलट बोलावतो. विमानाचा नव्हे. बंदराचं पाणी, गाळ, ओढ ज्याला पाठ आहे तो तिथलाच माणूस. आपल्याकडं पहिल्यांदा आलेले फिरंगीसुद्धा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरनं वाटाड्या चढवून घेऊनच आले, त्यांच्या अकलेनं नाही. त्या पायलटला जहाजावर आणायचं म्हणजे मान असतो. शिडी सोडतात, अधिकारी हजर राहतो, कप्तान उभा राहून नमस्कार करतो, चहा विचारतो. मग तो सांगेल तसं जहाज चालतं.

मी हे सगळं दिनकररावांना सांगितलं. मग म्हणालो, "दिनकरराव, तुम्हाला न्यायला आलो होतो, ते सोडा. मी वाट चुकलोय. हळदीवर भरवसा ठेवून शाळेच्या मैदानात शिरलो. आता परत जायला मला पायलट पाहिजे. तुम्ही आलात तर आम्ही दोघं घरी पोचतो."

ते माझ्याकडं बघत राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"हळद कुठं लागली?"

मी जागा सांगितली. ते म्हणाले, अहो ती ट्रॉली आहे. यार्डातला माल हलवताना ट्रॅक्टर बंद पडला, पोत्यांसहित ट्रॉली चौकात सोडून गडी पळाले, गॅलरीतनं सगळी पेठ बघत होती. तुम्ही ट्रॉलीला यार्ड समजलात. त्यांना इतकं बरं वाटलं की गालावर रंग आला.

"पगार काय असतो त्या पायलटला?"

"माझ्यापेक्षा जास्त," मी म्हणालो. हे खोटं नाही.

ते आत गेले. मी म्हटलं औषध-कागद घेत असतील. बाहेर आले ते कोट-टोपी घालून. सरजेरावांनी कडक सॅल्यूट ठोकला. मी बोटीत उभं राहून नमस्कार केला, त्यात बोट कलंडता कलंडता राहिली. त्यांना पुढं बसवलं.

मग दिनकररावांनी आम्हाला त्यांची पेठ दाखवली, तीही पाण्याखालची. हितं हौद हाय, कडंनं घ्या. ह्या बोळात पाण्याला वड न्हाई, भिंतीनं अडवलीया. त्यो पत्रा दिसतोय त्येच्याखाली पानाची टपरी, लांब ऱ्हावा. मी कप्तान असताना जसा आदेश परत म्हणून दाखवायचो, तसा प्रत्येक शब्द परत म्हणत होतो आणि सरजेराव इंजिन त्याप्रमाणं हलवत होते. गच्च्यागच्च्यांवरनं माणसं हाका मारत होती, "अण्णा, कुठं निघालासा?" आणि अण्णा मान न वळवता उत्तर देत होते, "ह्या दोघांस्नी सोडून येतो."

निम्म्या वाटेत त्यांचा आवाज पडला. मी बघितलं तर कपाळावर घाम, हात थरथरत होते, आणि ते डावीकडं की उजवीकडं हे विसरले. इन्सुलिन टोचलेलं आणि पोटात काहीच नाही. डबा आम्ही कोट-टोपीच्या गडबडीत गॅलरीतच विसरलो होतो. आमच्या दोघांच्या खिशात शेंगदाणासुद्धा नव्हता. पुढं चौक, चौकात नदीसारखी ओढ, आणि पायलट डोळे मिटतोय. इतक्या वर्षांत वादळं बघितली, पण एवढा मी कधी हादरलो नाही. मी गच्चीकडं बघून ओरडलो, साखर द्या, गूळ द्या, काहीही गोड द्या.

वरनं एका बाईनं बादली सोडली. बादलीत गूळ आणि ओंजळभर बेदाणे. मी गूळ फोडून त्यांच्या तोंडात घातला. ते चघळेनात. मी त्यांचं डोकं माझ्या खांद्याला टेकवून बेदाणे भरवत राहिलो, आणि सरजेराव खांबाला दोरी टाकून बोट धरून राहिले. मी देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही. बऱ्याच वेळानं दिनकररावांनी डोळे उघडले, तोंड हलवलं आणि म्हणाले, "बेदाणा जुना हाय." मला रडू आलं. मी तसाच रडलो, लपवलं नाही.

"चौकात सरळ घालू नगा," मग ते म्हणाले. "वड उजवीकडनं हाय. भिंतीला धरून जावा, आन मधी सोडून द्या. आपसूक पलीकडं लागतासा."

मला ते उलटं वाटलं. माझा हिशेब सरळ कापायचं सांगत होता. तरी भिंतीला धरून गेलो, मध्ये सोडून दिलं, आणि पाण्यानंच आम्हाला उचलून पलीकडच्या उतारावर नेऊन लावलं.

तिथं मदत केंद्र होतं. डॉक्टर, रुग्णवाहिका, आणि सुमन छत्री घेऊन उभी. दिनकररावांना खाटेवर घेतलं, साखर तपासली, सलाइन लावलं. धोका टळलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठं मी अंगावरचा ओला सदरा पिळला. केंद्रावरची एक मुलगी घाईत आली. आजोबांची सुटका कुणी केली, तिनं विचारलं. आजोबांची नाही, मी म्हणालो, सुटका आमची झाली, आणि ती आजोबांनी केली. तिला वाटलं मला थंडी बाधली. तिनं घोंगडी आणून माझ्याच अंगावर टाकली, हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि मला बाकावर बसवलं. सरजेराव बाजूला उभे राहून हसू दाबत होते.

दिनकररावांनी खाटेवरनं हात वर करून तिला बोलावलं.

"त्येंनी सांगितलं त्ये खरं हाय, बाळ. कप्तान चुकलं हुतं," ते सावकाश म्हणाले. "पर माणूस चांगला हाय. सांगितल्यालं ऐकतो."

घोंगडीत तोंड घालून मी बिस्किट खायला लागलो. तेवढ्यात सुमन छत्री मिटून खाटेजवळ वाकली.

"कोण ऐकतं म्हणालासा, पाव्हणं?"